मंजूच्या दातावरचा पांढरा ठिपका

दिगू गेल्याची बातमी आली तेव्हा मी कंपनीतल्या अंधाऱ्या खोलीत होतो. आमच्या इन्स्पेक्शन खात्यात ही खोली म्हणजे गाभाराच. घडाई होऊन आलेले लोखंडी भाग इथे येतात, त्यांना विजेने चुंबकत्व देतात, वर एक हिरवट द्रव सोडतात आणि जांभळ्या दिव्याखाली धरतात. उजेडात कुणालाही न दिसणारी केसाएवढी चीर मग हिरवीगार चमकून उठते आणि तो भाग बाद होतो. दारावर थाप पडली. ऑफिसातून निरोप होता, डॉक्टरांच्या घरून फोन आलाय, लगेच निघा. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा दुपारचं ऊन डोळ्यांत घुसलं आणि बराच वेळ मला समोरचं काही दिसेना... सायकल कुठे लावली आहे हेसुद्धा शिपायाला विचारावं लागलं.

त्याला आता दीड महिना होईल. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असं सांगण्यात आलं तेव्हा मला वाटलं, गंभीर चेहऱ्याने काहीतरी लिहावं लागणार. पण लिहायला बसलो की आठवते ती सगळी धांदल, आरडाओरडा, जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उड्या मारत चढणं. दिगूबद्दल हळू आवाजात लिहिणं मला जमायचं नाही, आणि त्यालाही ते आवडलं नसतं. बाहेरच्या जगाला तो दातांचे डॉक्टर दिगंबर म्हणून माहीत होता. मला तो वीस वर्षं छळणारा मित्र होता.

आम्ही दोघंही १९६२ साली पिंपरीत आलो. मी साताऱ्याहून डिप्लोमा करून नोकरीला आणि तो मुंबईत शिकून दवाखाना थाटायला. मुंबई सोडून इथे माळावर कशाला आलास असं मी विचारलं, तर म्हणाला की कारखाने येतायत म्हणजे माणसं येणार, आणि माणसं येणार म्हणजे बत्तीस बत्तीस दात येणार. पिंपरी कॅम्पातल्या एका कापडाच्या दुकानावर त्याने एक खोली भाड्याने घेतली. दात कोरायचं मशीन पायाने चालवायचं, शिवणयंत्रासारखं. त्याची बायको, कुसुमवहिनी, मदतीला. मी दाढ दुखते म्हणून गेलो होतो. दाढ कोरता कोरता त्याने मला कंपनीत काय करतोस ते विचारलं आणि तोंडात कापूस असल्यामुळे मला उत्तर देता येईना, तरी तो विचारत राहिला. शेवटी कापूस निघाल्यावर मी सांगितलं की मी भाग तपासतो. त्यावर त्याने पायाखालचं मशीन थांबवलं.

"तुटलेले तपासता की तुटायच्या आधी?"

मी म्हणालो, अर्थात आधी. तुटल्यावर तपासायला काय उरतं?

"मग मीच काय पाप केलंय?" तो म्हणाला. "माझ्याकडे प्रत्येक जण तुटल्यावरच येतो."

दिगूचं सगळं दुखणं हे होतं. दातांच्या डॉक्टरला दात कोरायचा तिटकारा असावा ही गंमतच, पण त्याला होता. कीड एका रात्रीत पडत नाही, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा. आधी दाताच्या कवचातला क्षार हळूहळू झिरपून जातो, वरचा पापुद्रा मात्र शाबूत असतो. त्या वेळी ती जागा नुसती पांढरट, निस्तेज दिसते, तीही नशीब असेल तर. आणि तेव्हाच ओळखता आली तर थांबवता येते. तोंडातली लाळच तो क्षार परत भरते, थोडं फ्लोराइड लावलं तर लवकर. पापुद्रा एकदा का फुटला की मग मशीन आलंच. पण ओळखायची कशी? आरसा, टोकदार सळई आणि खिडकीतला उजेड, एवढंच त्याच्याकडे होतं. सळईने टोचून बघावं तर तो नाजूक पापुद्राच फुटायचा. क्ष-किरणाच्या चित्रात दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. मी त्याला म्हणायचो, तुझं इन्स्पेक्शन खातं अगदीच मागासलेलं आहे. तेव्हापासून तो मला इन्स्पेक्टर म्हणायला लागला, आणि चारचौघांत अशा आवाजात म्हणायचा की लोक मला पोलीस समजून वचकून असत.

आता १९६९ ची खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत मशीनं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात आणि कामगारांच्या घरच्यांना आत येऊ देतात. मी माझ्या बायकोला, शालिनीला, आमच्या नऊ वर्षांच्या मंजूला आणि दिगू-कुसुमवहिनींना घेऊन गेलो होतो. सगळं दाखवून झालं आणि शेवटी माझी अंधारी खोली. दार लावलं, जांभळा दिवा लावला आणि पोरं खिदळायला लागली, कारण सगळ्यांचे शर्ट चमकत होते आणि हसल्यावर तोंडातले दात निळसर पांढरे लखलखत होते. आमच्या फोरमनचा पुढचा एक दात मात्र काळाच राहिला. तो बसवलेला होता हे त्या दिवशी साऱ्या खात्याला कळलं, आणि त्याने पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलणं टाकलं. आम्ही सगळे हसत होतो. दिगू हसत नव्हता. त्याने मंजूची हनुवटी धरली होती.

"हस," तो म्हणाला. "परत हस. ओठ वर कर."

मंजूच्या वरच्या पुढच्या दातावर, हिरडीच्या जरा खाली, एक काळसर डाग होता. तिला उजेडात नेऊन पाहिलं तर दात स्वच्छ. परत अंधारात, परत डाग. दिगूने तिला तीनचार वेळा आतबाहेर केलं आणि मग बाहेर प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना एकेक करून आत ओढायला लागला. हसा, म्हणायचा. बिचारे हसायचे. पेढे वाटणारा माणूस ताट घेऊन शोधत आला तर त्यालाही आत घेऊन हसवलं. शेवटी सुपरवायझरने येऊन दिवा बंद करायला लावला. दिगू बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. फाटकापर्यंत तो माझा दंड धरून एकच सांगत होता, की लोखंडातली चीर दिसते तशी दातातली कीड दिसते, पोखरायच्या आधी दिसते, उजेडाने दिसते. मलाही त्याचा तो ताप चढला. घरी येऊन मी जेवलोच नाही, शालिनी अजून बोलून दाखवते.

दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात मंजूचा दात कापडाने पुसून, खिडकीशी तिरका धरून पाहिला तेव्हा कुठे तो पांढरट ठिपका साध्या डोळ्यांना दिसला, तांदळाच्या कणीएवढा. आता काय? पुण्यातल्या एका नामांकित डॉक्टरांना शालिनीने दाखवून आणलं. ते म्हणाले की आत्ताच कोरून भरून टाका, पुढचा दात आहे, काळा पडला की मुलगी जन्मभर तोंडावर हात ठेवून हसेल. दिगू म्हणाला, हात लावायचा नाही. भरलेला दात परत परत भरावा लागतो, दर वेळी थोडा जास्त कोरून, आणि नऊ वर्षांच्या पोरीला पुढे सगळं आयुष्य काढायचंय. आपण फ्लोराइड लावू, गोळ्या-चिकी बंद करू, आणि दर तीन महिन्यांनी ठिपक्याचा फोटो काढू. वाढला तर मी स्वतः कोरीन. शालिनी त्याला म्हणाली की भाऊजी, तुमचा प्रयोग आहे, पण दात माझ्या मुलीचा आहे. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं बरोबर आहे. माझी मुलगी असती तरी मी हेच केलं असतं, एवढंच सांगू शकतो." त्याला मूलबाळ नव्हतं. शालिनीने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही हो म्हणालो. त्या दिवसापासून आमच्या घरात आणि त्याच्या घरात एकच प्रश्न राहिला, ठिपका वाढतो की नाही.

जांभळा दिवा त्याने लवकरच सोडला, पोरांच्या डोळ्यांना बरा नाही म्हणून. मग सुरू झाला पांढऱ्या उजेडाचा नाद. दाताच्या मागून उजेड सोडला तर निरोगी दात उजळतो आणि किडलेल्या जागी सावली पडते, पण तोंडात दिवा न्यायचा कसा? आमच्या टूलरूममध्ये पारदर्शक प्लास्टिकची एक कांडी होती. ती गरम करून वाकवली, एका टोकाला टॉर्चचा बल्ब बसवला आणि दुसऱ्या टोकाने उजेड वळण घेऊन बाहेर आला. दिगूने ती पहिल्यांदा स्वतःच्या तोंडात घातली आणि आरशासमोर तसाच उभा राहून काहीतरी बोलत सुटला, आम्हांला एक अक्षर कळेना. फोटोचं मात्र मी सांगितलं. मी म्हणालो, फिक्श्चर नसेल तर तुझ्या मापाला काही अर्थ नाही. भाग दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात, त्याच अंतरावर बसला पाहिजे, तरच आजचं माप कालच्याशी ताडून बघता येतं. मग हनुवटी टेकवायला एक पट्टी, कपाळ टेकवायला एक पट्टी, समोर ठरावीक अंतरावर कॅमेरा आणि बाजूला दिवा, असं एक यंत्र आम्ही रविवारी रविवारी बसून केलं आणि त्याच्या दवाखान्यात बसवलं. फोटो आमच्या न्हाणीघरात धुवायचे. शालिनी कपड्यांची बादली घेऊन बाहेर उभी असायची आणि आत आम्ही लाल दिव्यात कागदावर पोरीचा दात उगवताना पाहत बसायचो.

हळूहळू दिगूचा लौकिक झाला, जरा विचित्रच. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की तो उन्हाकडे तोंड करून आ करायला लावायचा. थेरगावच्या शाळेत त्याने मुलांचे दात तपासले तेव्हाची गोष्ट सांगतो. एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, गावातल्या जुन्या घरातली, ठसठशीत बाई. पोराच्या दाढेला कीड लागते आहे पण काढायची नाही आणि कोरायचीही नाही, असं दिगूने सांगताच ती खवळली.

"कीड हाय म्हंता आन काढीत न्हाई," ती म्हणाली. "मंग तुमी डाक्टर कसलं?"

दिगूने तिला शेजारी बसवलं, खिडक्या लावायला सांगितल्या आणि ती उजेडाची कांडी पोराच्या दाढेमागे धरली. दाढ कंदिलाच्या काचेसारखी उजळली आणि तिच्यात एक बारीक राखी सावली दिसली. म्हातारी वाकून पाहत राहिली. मग तिने विचारलं की ही सावली कमी होती व्हय? दिगू म्हणाला, होऊ शकते, तुम्ही त्याला गूळ-शेंगदाणे खाल्ल्यावर चूळ भरायला लावलीत तर. तिने पोराच्या पाठीत एक धपका घातला आणि लगेच त्याला नळावर नेलं. दिगू त्या दिवशी परत येताना सायकलवर गात होता, आणि तो फार वाईट गायचा.

मंजूचा ठिपका तीन वर्षं जागचा हलला नव्हता. मग १९७२ साल आलं. दिगूने कर्ज न काढता, पैसे साठवून नवी खुर्ची घेतली, विजेवर चालणारी, शेजारी हवेचा कॉम्प्रेसर आणि दातावर हवेचा झोत मारायची नळी. त्याचा आनंद काय विचारता! आल्यागेल्या प्रत्येकाच्या हातावर तो हवा मारून दाखवायचा. त्या खुर्चीत मंजूचा पहिला फोटो काढला, दुसऱ्या दिवशी धुतला, आणि कागदावर ठिपका वर आला तो जवळजवळ दुप्पट. पांढराफटक, कडा ठळक. मी म्हणालो, काहीतरी चुकलं असेल. पण फिक्श्चर तेच, अंतर तेच, फिल्म तीच, दिवा तोच. मीच केलेलं यंत्र, मी कशाला दोष देणार? दिगू न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून राहिला. त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तो बाहेर येऊन शालिनीला म्हणाला की वहिनी, मी हरलो, उद्या तिला घेऊन या, आणखी उशीर नको. शालिनीने नुसती बादली उचलली आणि ती आत गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. खुर्चीत मंजू, शेजारी कुसुमवहिनी, दाराशी मी आणि शालिनी. मंजू बारा वर्षांची होती, सगळं कळत होतं तिला, खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. दिगूने हवेचा झोत मारून दात कोरडा केला. ठिपका लख्ख दिसत होता, मला दारातूनही. त्याने मशीन हातात घेतलं, ते फिरायला लागलं, आणि त्या आवाजाने मंजू दचकली. तिने तोंड मिटलं, आवंढा गिळला, दातावरून जीभ फिरवली आणि परत आ केला. दिगू वाकला... आणि तसाच राहिला. मशीन त्याच्या हातात नुसतंच फिरत होतं. मग त्याने ते ठेवून दिलं.

"इन्स्पेक्टर," तो म्हणाला, "इकडे ये. काय दिसतंय?"

मी पाहिलं. ठिपका पूर्वीएवढाच होता, तांदळाची कणी. दिगूने परत हवा मारली. आमच्या डोळ्यांसमोर तो मोठा झाला, पांढरा झाला. चूळ भर म्हणाला. लहान झाला. परत हवा, परत मोठा. परत चूळ, परत लहान. घराला चुना देताना ओला असतो तेव्हा हात फिरवलाय की नाही ते कळत नाही आणि वाळला की भिंत पांढरीफटक होते, अगदी तसं. क्षार गेलेल्या जागेत बारीक छिद्रं असतात. त्यांत पाणी असलं की ठिपका लपतो, हवा शिरली की पूर्ण दिसतो. आधीचे सगळे फोटो आम्ही ओल्या दाताचे काढले होते, कारण आमच्याकडे हवाच नव्हती. नव्या खुर्चीच्या कौतुकात दिगूने या खेपेला आधी हवा मारली होती, आणि हा फरक आम्हां दोन शहाण्यांच्या डोक्यातच आला नाही. दिगू हसायला लागला, मी हसायला लागलो, आणि शालिनी दारातच खाली बसून रडायला लागली. मंजूने शेवटी विचारलं की दिगूकाका, किती वेळा चूळ भरायची, माझं पोट भरलं.

लगेच त्याने ओल्या दाताचा फोटो काढला. आम्ही न्हाणीघरात पळालो. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी तो ठेवला आणि दिगूने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की हातातला चिमटा पाण्यात पडला. वाढलेला नव्हता. आणि कोरड्या दाताचा फोटो, ज्याने आम्हांला घाबरवलं होतं, तो तर बोनसच होता, कारण आता ठिपक्याचा खरा विस्तार किती ते आम्हांला पहिल्यांदा कळलं होतं. तेव्हापासून प्रत्येक तोंडाचे दोन फोटो ठरले, एक ओला आणि एक ठरावीक वेळ हवा मारून कोरडा. पुण्यात दंतवैद्यांच्या एका बैठकीत त्याने हे सगळं सांगितलं, आपण कोरायला निघालो होतो ही चूक सगळ्यांत आधी. मी लपव म्हणालो होतो. तो म्हणाला की चूकच तर शिकण्यासारखी आहे, यश काय कुणीही सांगतं. एका वयस्क डॉक्टरांनी उठून विचारलं की तुमच्या या फोटोंनी कुणाचं दात दुखणं थांबलंय का. दिगू म्हणाला, नाही साहेब, ते सुरूच झालं नाही. लोक हसले, काही त्याच्या बाजूने आणि काही त्याच्यावर. परतीच्या वाटेवर मात्र तो हवेत होता, कारण एका डॉक्टरने फिक्श्चरचं ड्रॉइंग मागून घेतलं होतं.

नंतरच्या दहा वर्षांत मंजूचा तो ठिपका पुसट झाला, त्याच्यावर चकाकी आली, कडा विरल्या. पूर्ण गेला नाही, जाणारही नव्हता. ती कॉलेजात गेली, बी.एड. झाली, आता सांगवीच्या शाळेत शिकवते, वर्गासमोर दिवसभर बोलते आणि मोठ्याने हसते. तिचा फोटो वर्षातून एकदा व्हायचा, तो याच महिन्यात होता.

गेल्या रविवारी कुसुमवहिनींचा निरोप आला की महिनाअखेरीला खोली मालकाच्या ताब्यात द्यायची आहे, तुमच्या कॅमेऱ्याचं काय ते घेऊन जा. मी आणि मंजू गेलो. वहिनींनी सगळं पुसून ठेवलं होतं, हत्यारं कापडात बांधलेली, पडदे उतरवलेले. मी पट्ट्यांचे स्क्रू ढिले करायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थांबा. तिचा राहिलाय ना?" मंजू हनुवटी टेकवून बसली. आजवर फोटो दिगूनेच काढले होते, मी फक्त धुवायचो. कॅमेऱ्यातून बघायला मी वाकलो आणि आधाराला डावा हात भिंतीवर टेकला, तर माझ्या पंजाखालची भिंत गुळगुळीत आणि जराशी खोलगट लागली. मी हात काढून पाहिलं. चुन्यावर एक काळसर तेलकट पंजा उमटलेला होता. इतकी वर्षं रोज त्याच जागी हात टेकून तो वाकत होता आणि मला कधी दिसलं नव्हतं... मला काही क्षण कॅमेऱ्यातून काहीच दिसेना. मग मी हात परत तिथेच ठेवला.

एक ओला काढला. वहिनींनी हवा मारली, एक कोरडा काढला. फिल्म धुवायची घाई नव्हती, पण मी वाकलोच होतो तर नीट बघून घेतलं, जसं त्याने बघितलं असतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं की नाही वाढला. त्यांनी मान हलवली, नळी जागेवर टांगली आणि हातातला पडदा घडी घालता घालता थांबल्या.

"मालकांना सांगते," त्या म्हणाल्या, "खोली इतक्यात सोडत नाही. पुढच्या वर्षी हिला बघायला जागा नको का?"

त्यांनी पडदा परत खिडकीला लावला. मी स्क्रू घट्ट केले.